अंतरा कोणाचा?

जर्मनीतल्या रानांतून राइन नदीपासून डॅन्यूबपर्यंत रोमन साम्राज्याची जुनी सरहद्द गेली आहे. लांबी सुमारे ५५० किलोमीटर, आणि तिच्यावर सुमारे ९०० टेहळणीचे मनोरे होते. आज बहुतेकांचा गवताखाली एखादा उंचवटा, फार तर दगडी चौकोनी जोते उरले आहे. काही जागी मात्र अशा जोत्याशेजारी नवा कोरा मनोरा बांधलेला दिसतो. तिकडे नोकरीस असलेल्या माझ्या एका शिष्याने छायाचित्र धाडले, त्यात सारी मंडळी या नव्या मनोऱ्यापुढे उभी आहेत. जोते कोपऱ्यात, तेही अर्धे कापलेले.

प्रश्न दगडमातीचा खरा. पण तो आम्हां गाणाऱ्यांचाही आहे, म्हणून दोन शब्द लिहितो.

आधी खात्रीचे काय ते पाहू. पहिले मनोरे लाकडी होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास त्यांच्या जागी दगडी आले. सन २६० च्या सुमारास रोमनांनी ही सरहद्द सोडली. पुढे गावकऱ्यांनी चिरे घरांसाठी उचलून नेले, आणि बांधणारे इतके विस्मरणात गेले की पूर्वेकडच्या दगडी तटाला लोक ‘सैतानाची भिंत’ म्हणू लागले! १८९२ साली इतिहासकार मोमसेन यांच्या पुढाकाराने सरकारी मंडळ नेमले गेले, त्याने मनोरे हुडकून त्यांना क्रमांक दिले. इतके पक्के. जोत्यावरचे बहुतेक सारे अनुमान. नव्या मनोऱ्याचा तो लाकडी सज्जा आला कुठून? रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावरून. सन ११३ च्या त्या स्तंभावर कुंपण घातलेले, मशाल बाहेर काढलेले मनोरे कोरले आहेत. पण ते डॅन्यूबकाठचे, आणि कोरणारे कारागीर रोमचे.

माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या वहीत काही चीजांची अस्ताई आहे, अंतऱ्याची जागा कोरी. आमच्या ग्वाल्हेर घराण्यात अस्ताई-अंतरा दोन्ही नीट भरून दाखवण्याचा कटाक्ष. तेव्हा अपुरी चीज मैफलीत बसत नाही. अशा ठिकाणी मी अंतरा बांधतो, शिकवतोही. मात्र मुलांना वहीत त्या ओळीखाली माझे नाव लिहायला लावतो. मुले कुरकुरतात. पण असले जोड-अंतरे ‘परंपरागत’ म्हणून बेधडक गायलेले मी कितीदा तरी ऐकले आहेत, आणि एकदा दुसऱ्या पिढीच्या गळ्यात उतरले की सोने कुठले नि मुलामा कुठला, हे गुरूलाही सांगता येत नाही.

२००५ साली युनेस्कोने ही सरहद्द जागतिक वारशात घेतली, तेव्हा १९६५ नंतर उभारलेल्या प्रतिकृती वारशात धरल्या नाहीत; त्यांना भोवतालच्या संरक्षक पट्ट्यात टाकले. निवाडा मला फार पटला. पण कागदावरचा हा भेद जिना चढणाऱ्या पोराला कसा कळावा?

कोणी म्हणेल, नुसते जोते पाहायला कोण येणार? खरे आहे. मनोरा जरूर बांधावा. पण बाजूला, जोत्याला धक्का न लावता. आणि दारावरच ठळक अक्षरांत लिहावे की सापडले ते इतके, कल्पिले ते इतके, आणि कल्पना अमक्या साली केली.

एक गोष्ट मात्र कोणालाच बांधता यायची नाही. व्हेगेशियस नावाच्या रोमन लेखकाने लिहिले आहे की छावणीत रात्रीचे चार पहारे असत, थेट आपल्या चार प्रहरांसारखे. एका जातीच्या तुतारीने पहारा बसे, दुसरीने उठे. तुताऱ्यांचे तुकडे मातीतून निघाले आहेत. त्या काय वाजवीत, त्याचा एक सूरही कोणी टिपून ठेवलेला नाही.