हेडफोन पारखावा ढोलावर

हल्ली आपल्यापैकी पुष्कळांच्या कानात हेडफोन असतो. तो घेताना आपण पाहतो ते खोक्यावरचे नाव आणि आकडे. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा माणसाच्या कानाची मर्यादा सांगतो. हेडफोनचा स्वभाव त्यावरून कळत नाही.

स्वभाव मात्र असतो. एखादी कंपनी खर्ज फुगवते, एखादी बारीक सूर पुढे आणते. तो ओळखायला महागडाच नग हवा असे नाही. अमेरिकेतील कॉस कंपनीचा ‘पोर्टा प्रो’ १९८४ साली निघाला. साधा, हलका, तारेचा. पण भरदार खर्जामुळे आजही नावाजला जातो. तारेच्या हेडफोनमध्ये बॅटरीवर पैसा जात नाही, हाही आपल्यासारख्यांचा फायदाच. तथापि एका नावाचे सगळे नग सारखे वाजत नाहीत. म्हणून ऐकूनच घ्यावा.

पण ऐकावे काय? आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरी पुस्तके नव्हती, ढोल होता. काठीची होळी रात्रभर ऐकलेल्या मोलगीकडच्या मुलाला ढोल कसा घुमतो आणि त्यातूनही बासरी कशी वेगळी ऐकू येते, हे कुणी शिकवावे लागत नाही. थोडे लांबून, आवाज न फाटता केलेले असे ध्वनिमुद्रण मोबाईलमध्ये ठेवावे आणि दुकानात तेच लावावे. ढोल घुमला पण बासरी बुडाली, तर तो हेडफोन खुशाल परत ठेवावा.

मित्रांनो, पैसे आईबापांच्या घामाचे आहेत. चांगला आवाज कोणता, हे जाहिरातीने का ठरवावे? आपल्या कानांनाही शिक्षण मिळालेले आहे.