शेवटची रात्र कुठे?

बेंगळुरूला कामासाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्याचा आठवडा ठरल्यासारखा असतो. सोमवारी पहाटे उतरायचे, व्हाइटफील्ड किंवा आउटर रिंग रोडवरच्या हॉटेलात राहायचे, दिवसभर बैठका आणि संध्याकाळी ट्रॅफिक. शनिवार तेवढा मोकळा उरतो. हा उरलेला शनिवार आपल्या व्यवसायाने वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने विकला आहे: सकाळी सहाला गाडी, श्रीरंगपट्टण, म्हैसूरचा राजवाडा, चामुंडी टेकडी आणि रात्री उशिरा परत. पाहुणा दमून हॉटेलात पडतो, रविवारी पहाटेचे विमान पकडतो आणि भारतातले एकही गाव न बघता घरी जातो. बिल मात्र वेळेवर निघते, त्यामुळे यात काही चुकते आहे असे कुणाला वाटत नाही.

आपलेच ग्रुप परदेशी नेताना हेच आपण किती वेगळ्या तऱ्हेने करतो ते बघा. लंडनच्या सहलीला कॉट्सवोल्ड्सची गावे जोडतो. जपानच्या सहलीत शिराकावा-गोची गवती छपरांची घरे असल्याशिवाय ब्रोशर छापत नाही. 1995 पासून जागतिक वारसा यादीत असलेले ते गाव पुण्या-नाशिकच्या ग्राहकाला आता नावाने माहीत आहे. शहराला गाव जोडले की सहलीला चव येते, हे आपल्याला पुरते ठाऊक आहे. जाणाऱ्याला ते आपण हौसेने विकतो, येणाऱ्यासाठी मात्र ते सुचवायचे लक्षातही राहत नाही. या अंकात बेंगळुरूवर भर आहे तो यामुळे. मराठी कंपन्यांची दक्षिणेची बरीच इनबाउंड कामे याच शहरातून सुरू होतात, आणि भोवतालची गावे इतकी जवळ असूनही आपल्या इटिनररीत नाहीत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: गावाचा दिवस विकू नका, गावाची रात्र विका, आणि ती रात्र विमानतळाच्या बाजूला ठेवा.

केम्पेगौडा विमानतळ 2008 मध्ये देवनहळ्ळीला, शहराच्या उत्तरेला सुरू झाला. चिक्कबळ्ळापूर, नंदी, दोड्डबळ्ळापूर, शिडलघट्टा हा सगळा द्राक्षांचा, तुतीचा, फुलांचा आणि गुलाबी कांद्याचा पट्टा त्याच बाजूला येतो. तरीही पाहुण्याला शुक्रवारी शहरात झोपवून शनिवारी तिकडे नेले जाते, संध्याकाळी परत शहरात आणले जाते आणि रात्री पुन्हा विमानतळावर सोडले जाते. हेब्बाळचा उड्डाणपूल म्हणजे काय हे बेंगळुरूत एकदाही गाडी चालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तो एका सुट्टीत तीनदा ओलांडायला लावणारी सहल आखणाऱ्याने स्वतः एकदा मागच्या सीटवर बसून ती करून बघावी. त्यापेक्षा पाहुण्याला सामानासकट शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर बाहेर काढा. शुक्रवारची रात्र नंदीच्या पायथ्याच्या गावात, शनिवार पूर्ण तिथेच. युरोपकडची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर आणि पहाटे सुटतात, म्हणून शनिवारी रात्रीपर्यंत खोली हातात ठेवा: सातला जेवण, दोन तास झोप, आंघोळ, मग मोकळ्या रस्त्याने थेट विमानतळ. शहर पुन्हा लागतच नाही. खोलीचे अर्ध्या दिवसाचे जादा पैसे गाडीच्या वाचलेल्या फेऱ्यांत निघतात.

नंदीचे नाव घेतले की सूर्योदय आठवतो, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. शनिवार-रविवारी पहाटे त्या घाटात निम्मे बेंगळुरू रांगेत उभे असते. वर धुके असले तर धुकेच बघायचे. पाहुण्याला वर न्यायचेच असेल तर मधल्या वारी न्या. शनिवार असेल तर पायथ्याचे भोगनंदीश्वर मंदिर पुरेसे आहे, किंबहुना जास्त चांगले आहे. नवव्या शतकात सुरुवात झालेल्या या मंदिरात पुढे चोळ, होयसळ आणि विजयनगरच्या काळात भर पडत गेली. त्याची पायऱ्यांची पुष्करणी सकाळच्या उन्हात निवांत बघता येते. तिथून मुद्देनहळ्ळी जवळ आहे, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे जन्मगाव. जर्मनीहून आलेल्या इंजिनिअरला तिथे न्या आणि विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे बसवले, हेही सांगा. आपल्या मराठी गाइडला हे पाठ असायला हरकत नाही.

मराठी गाइडला आणखीही एक धागा सांगता येईल. बेंगळुरू 1638 च्या सुमारास आदिलशाहीकडे गेले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत आले. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर हाही त्यांचाच मुलूख. अमेरिकेतून आई-वडिलांना घेऊन बेंगळुरूला भावाकडे येणारी मराठी कुटुंबे आता थोडी नाहीत. त्यांच्यासाठी मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वर मंदिर, जिथल्या 1669 च्या शिलालेखात एकोजीराजांच्या दानाचा उल्लेख आहे, आणि मग उत्तरेचे गाव, असा दोन दिवसांचा कार्यक्रम सहज बसतो. पण इतिहासाचे व्याख्यान अर्ध्या तासात आटपा. बरोबरच्या नातवंडांना गोठा बघायचा असतो.

आता नैर्ऋत्येची बाजू. पाहुणा बेंगळुरूहून पुढे म्हैसूर-कूर्गला जाणार असेल तरच ही बाजू घ्या, परतीच्या आदल्या दिवशी कधीही नाही. मार्च 2023 मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या महामार्गाने म्हैसूर दीड-दोन तासांवर आले, आणि त्याच महामार्गाने बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर ही गावे बायपासच्या पलीकडे टाकली. चन्नपट्टणच्या खेळणीवाल्यांनी आणि मद्दूरच्या वडेवाल्यांनी गिऱ्हाईक तुटल्याची तक्रार तेव्हाच केली होती. पूर्वी गाडी आपोआप थांबायची, आता थांबायचे ठरवावे लागते. ते ठरवणे आपल्या हातात आहे. मुख्य मार्गावरून कुठे उतरायचे हे ड्रायव्हरच्या कागदावर लिहून द्या, नाहीतर तो थेट श्रीरंगपट्टणला नेऊन उभा करील आणि वेळ वाचवला म्हणून वर शाबासकी मागेल.

चन्नपट्टणला दुकान दाखवू नका, कारागिराची पडवी दाखवा. आपल्याकडे ज्याला काळा कुडा म्हणतात त्या झाडाचे हलके लाकूड कातावर फिरते, लाखेची रंगीत कांडी त्यावर टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने रंग वितळून बसतो आणि केवड्याच्या जातीच्या पानाने घासून त्याला झळाळी आणतात. हे सगळे एका खेळण्यावर काही मिनिटांत समोर घडते. सावंतवाडीचा चितार आळी परिसर ज्यांनी पाहिला आहे त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

रामनगरची गोष्ट मात्र जरा थांबून सांगितली पाहिजे. तिथला रेशीम कोष बाजार आशियातला सर्वांत मोठा समजला जातो. आपल्या ग्राहकाला रामनगर माहीत असते ते ‘शोले’मुळे, खडक तेच आहेत, आणि 2012 पासून तिथे गिधाडांचे अभयारण्यही आहे. पण बीड, जालना, सोलापूरच्या शेतकऱ्याला रामनगर ‘शोले’मुळे माहीत नाही. तो कित्येक वर्षे कोषांची पोती घेऊन रात्रभर प्रवास करून त्या बाजारात जातो आहे. 2018 मध्ये जालन्यात कोष खरेदीची बाजारपेठ सुरू झाली, तरी चांगल्या भावासाठी रामनगरची वाट सुटलेली नाही. मराठवाड्यातल्या तुतीवाल्याला जो रस्ता तोंडपाठ आहे तो मुंबई-पुण्याच्या टूर ऑपरेटरला नकाशात शोधावा लागतो, ही आपल्या धंद्याला शोभणारी गोष्ट नाही. त्या शेतकऱ्यांपैकी कुणाला तरी आधी फोन करा. बाजार कधी तेजीत असतो, कुठे उभे राहिले की अडचण होत नाही, चहा कुठे मिळतो, हे तो कुठल्याही पर्यटन खात्यापेक्षा नीट सांगेल.

बाजारात नेताना तीन-चार पाहुण्यांपेक्षा जास्त नेऊ नका. तिथे लोक लिलावाला आलेले असतात, महिन्याभराच्या मेहनतीचा भाव त्या सकाळी ठरतो. परवानगी आधी घ्या, कॅमेरा विचारून काढा. आणि एक गोष्ट पाहुण्याला हॉटेलातच सांगा: धागा काढण्यासाठी कोष गरम पाण्यात टाकतात तेव्हा आतला किडा मरतो. व्हीगन पाहुण्याला किंवा जैन कुटुंबाला हे रीलिंगच्या खोलीत उभे असताना कळले तर पुढचा दिवस वाया जातो. ज्याला नको त्याला तुतीचे शेत आणि किडे पाला खातानाचा आवाज पुरे आहे. ज्याला सगळेच बघायचे आहे पण मुक्काम उत्तरेला आहे, त्याच्यासाठी शिडलघट्ट्याचा कोष बाजार आहे.

जानेवारी ते एप्रिल या दिवसांत मद्दूर तालुक्यातले कोक्करे बेळ्ळूर सोडू नका. चित्रबलाक आणि झोळीवाले गावातल्या चिंचेच्या आणि पिंपळाच्या झाडांवर, घरांच्या अगदी डोक्यावर घरटी करतात. गावकरी त्यांना शुभ मानतात, त्यांची विष्ठा शेतात खत म्हणून जाते. 2007 मध्ये गावाला सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पाहुणे इथे पक्ष्यांसाठी येतात आणि माणसे बघून थक्क होतात. गावात मोठी बस नेऊ नका, एवढेच.

आता नावडते बोलू. बेंगळुरूच्या भोवती ‘व्हिलेज’ नावाची जी रिसॉर्टे उगवली आहेत त्यांत बैलगाडी असते, पण बैल कुठल्या शेतात राबत नाहीत. रेन डान्स असतो आणि बुफेत पनीर बटर मसाला असतो. आपल्याकडे कर्जत-मुळशीत हुरड्याला डीजे लावणारे आहेतच, तेव्हा दुसऱ्याला हसायला नको. इटलीने 1985 सालच्या कायद्यात कृषी पर्यटनासाठी अट घातली की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे आणि पाहुणचार त्याला जोडून. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, ते चांगले झाले. पण धोरण असो वा नसो, ऑपरेटरने स्वतःपुरती ही अट लावून घ्यावी. यजमानाला एकच प्रश्न विचारा: पाहुणे आले नाहीत तर तुमचे घर कशावर चालते? उत्तर शेतीवर, दुधावर, कोषांवर असे आले तर करार करा.

जेवणही त्याच घरचे हवे. रागी मुद्दे म्हणजे नाचणीचा उंडा, तो न चावता सारात बुडवून गिळायचा असतो, हे आधी दाखवून दिले की पाहुणा खुशीत खातो. डिसेंबर-जानेवारीत मागडी भागातल्या अवरेकाईचा, आपल्या पावट्याच्या भावाचा, हंगाम असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात नाचणीची कापणी आणि मळणी. मे-जूनला कोलारकडे श्रीनिवासपूरचे आंबे. कार्यक्रम स्थळांवर न बांधता या दिवसांवर बांधा. तीच गाडी, तेच घर, पण दर दोन महिन्यांनी विकायला नवे काही हातात येते.

कागदपत्रांचे थोडक्यात. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरणे यजमानाला बंधनकारक आहे, ज्याला आपण सगळे सी-फॉर्म म्हणतो. घरगुती मुक्कामालाही ते लागू आहे. शेतकऱ्याच्या घरात हे काम आपल्या माणसाने बसून करून द्यावे, फोनवरून समजावून सांगू नये. शौचालय कमोडचे, पाणी चोवीस तास, पलंगावर मच्छरदाणी. त्यापलीकडे घरात काही बदलू नका. एसीसाठी हट्ट धरणारा पाहुणा या घरासाठी नाहीच, त्याला शहरातच ठेवा. आणि पैसे महिन्याच्या हिशोबात अडकवू नका. जेवणाचे पैसे ज्या बाईने चूल पेटवली तिच्या हातात, गाडी निघण्यापूर्वी.

हाच हिशोब आता मुंबईलाही लागू होतो. नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाल्यामुळे पनवेल, उरण, कर्जत आणि अलिबागची बाजू एकाएकी ‘शेवटच्या रात्रीची’ झाली आहे. सांताक्रूझच्या विमानासाठी आपण ज्या गावांना कधी हात लावला नाही ती आता वाटेत आली आहेत. नव्या हंगामाचे दर तुम्ही याच महिन्यात छापायला देणार असाल. त्यापूर्वी आपल्या प्रत्येक इनबाउंड पॅकेजची शेवटची रात्र तपासा. ती शहरातल्या हॉटेलात असेल तर ती हलवता येते का बघा, आणि बेंगळुरूचा एक तरी मुक्काम नंदीच्या पायथ्याशी ठेवून या हिवाळ्यात चालवून पाहा.