सरमेचा प्रश्न

महाभारतातला कुत्रा म्हटले की युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला तो कुत्रा आठवतो. आदिपर्वाच्या आरंभी येणारे दुसरे श्वान मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नसते. जनमेजय कुरुक्षेत्री दीर्घसत्र करीत असताना देवशुनी सरमेचा मुलगा तेथे येतो आणि राजाचे तिघे भाऊ त्याला बडवून काढतात. तो रडत आईकडे जातो. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नसते; त्याकडे पाहिलेलेही नसते. सरमा यज्ञस्थळी येऊन विचारते, याचा अपराध कोणता? भावांजवळ उत्तर नसते.

२०२० च्या मार्चनंतर ज्यांच्या घराचेच कार्यालय झाले, त्यांच्याकडे या प्रसंगाची सौम्य आवृत्ती रोज घडू लागली. ('घरून काम' आणि 'घरकाम' यांतले अंतर आपल्या भाषेने बरोबर जाणले आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) कुत्रा काम करू देत नाही, सारखे लक्ष मागतो, बैठक सुरू झाली की नेमका भुंकतो, तोंडात चप्पल घेऊन पुढ्यात उभा राहतो, अशा तक्रारी कौतुकमिश्रित स्वरात सांगितल्या जातात. ऐकणारे हसतात. कुत्र्याची बाजू मात्र अनुच्चारितच राहते.

त्याला हवे असते ते काय? पोर्ट्समथ विद्यापीठातील युलियाने कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली चोवीस पाळीव कुत्र्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचे तोंड आपल्याकडे असताना कुत्र्यांच्या चेहऱ्यावरील हालचाली वाढत. पाठ फिरली की कमी होत. हातात खाऊ असल्या-नसल्याने तसा फरक पडला नाही. २०१९ साली याच गटातील संशोधकांनी दाखवले, की भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळक असतो, लांडग्यांत तो नीटसा विकसित झालेला नसतो. म्हणजे जी आर्जवी नजर आपल्याला कामातला व्यत्यय वाटते, ती बहुधा आपल्याच पूर्वजांच्या पसंतीतून घडलेली आहे. पिढ्यानपिढ्या आपली नजर वाचायला शिकलेल्या या प्राण्यासमोर आपण आठ आठ तास बसतो. देह घरात, दृष्टी पडद्यावर. त्यात आपण बोलतोही, हसतो, मान डोलावतो. खोलीत तिसरे कोणी नसते. मग हे बोलणे कोणाशी चालले आहे? कुत्र्याने ते स्वतःशी जोडून घेतले, तर त्याचा तर्क चुकला असे कसे म्हणावे?

पुढचा भाग आपणच शिकवतो. भुंकणे ऐकू जाऊ नये म्हणून मालक ध्वनी बंद करून एक बिस्किट फेकतो. कधी बिस्किट, कधी दटावणी, कधी काहीच नाही. अनियमितपणे मिळणाऱ्या बक्षिसाने जडलेली सवय सर्वांत चिवट असते, हे स्किनरने कबुतरांवरील प्रयोगांतून केव्हाच दाखवले होते. जुगाराच्या अड्ड्यावरही हेच तत्त्व काम करते.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी 'फ्लश' (१९३३) मध्ये कवयित्री एलिझाबेथ बॅरेट हिच्या स्पॅनियलचे चरित्र लिहिले आहे. पुस्तक खेळकर समजले जाते. मला ते तसे पुरते वाटत नाही. लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील आजारी लेखिकेच्या खोलीत आलेला हा कुत्रा, धावण्याच्या आपल्या सर्व प्रेरणा दडपून तिच्या पायाशी पडून राहायला शिकतो. १८४६ मध्ये ती लग्न करून इटलीला जाते, तेव्हा कुठे त्याला मोकळे रस्ते मिळतात. लेखिकेच्या एकांताला सोबत मिळाली, तिची किंमत मात्र कुत्र्याने मोजली. टाळेबंदीत एकटेपणावर उतारा म्हणून ज्यांनी पिल्ले आणली, त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे.

माझे मत अनेक श्वानप्रेमींना रुचणार नाही. काम करताना दार लावून घ्यावे. ती क्रूरता नव्हे. बंद दार कुत्र्याला कळते. दार उघडे, माणूस समोर आणि लक्ष भलतीकडे, हे कळत नाही. दार लावण्याआधी त्याला भरपूर फिरवून आणावे आणि दार उघडल्यावर हातात फोन असू नये, एवढी अट. आमच्या घरी हीच रीत आहे. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत आमची कुत्री दाराबाहेर थोडी कुरकुरते, मग पायपुसण्यावर गाढ झोपते.

बंद दाराची ही ओळख आणखी एका कारणासाठी हवी. टाळेबंदीत आणलेली पिल्ले आता प्रौढ झाली आहेत. त्यांतल्या कित्येकांना पहिली दोन वर्षे घर रिकामे असू शकते हेच ठाऊक नव्हते. मग कार्यालयांनी माणसांना परत बोलावले, सदनिकांना कुलपे लागली आणि दिवसभर येणाऱ्या रडण्याबद्दल शेजाऱ्यांच्या तक्रारी सोसायटीच्या सचिवांकडे जाऊ लागल्या. या तक्रारींत आरोपीच्या जागी नाव कुत्र्याचेच असते.