साप पाळण्याची हौस

मृगाचा पहिला पाऊस पडला कीं आमच्या या छत्रपती संभाजीनगरांत, विशेषतः खाम नदीच्या कांठच्या वस्त्यांत व हिमायतबागेच्या आसपास, "साप निघाला!" अशी हांक दरसाल ऐकूं येते. कोणी काठी घेऊन धांवतो, कोणी हात जोडतो, कोणी दार लावून घेतो. हा प्रकार जुनाच आहे. परंतु यंदा एका विद्यार्थ्यानें आम्हांस जो प्रश्न विचारला तो मात्र अगदीं नवा होता. तो म्हणाला, "सर, नवा आणलेला साप हातांत घेऊं देईपर्यंत किती दिवस लागतात?" चौकशी करतां कळलें कीं, कोणा परदेशी मुलाच्या गळ्यांत खेळणारा साप त्यानें मोबाईलवर पाहिला असून, तसाच एक साप आणावा असा हट्ट त्यानें घरीं धरला आहे, आणि वडील अर्धे वळलेही आहेत. त्याला तेथल्या तेथें "नको" म्हणून वाटेस लावणें सोपें होतें. पण शिक्षकानें नकार द्यावयाचा तर तो कारणांसह द्यावा, असें आम्ही मानतों. शिवाय हा हट्ट आज एकाच घरांत असला, तरी उद्यां तो दहा घरांत असेल. म्हणून विद्यार्थिमित्रांशीं व त्यांच्या पालकांशीं या विषयावर थोडें बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्याच्या प्रश्नाचें सरळ उत्तर देऊं. परदेशांत जे साप घरोघर पाळले जातात त्यांत पश्चिम व मध्य आफ्रिकेंतील बॉल पायथन नांवाचा लहान अजगर आणि अमेरिकेंतील कॉर्न स्नेक हे दोन प्रमुख आहेत. दोन्ही बिनविषारी आहेत. त्यांतील कोणताही साप नव्या घरीं आला म्हणजे पहिले आठ दिवस तरी त्यास बोटही लावूं नये, असें जाणते लोक सांगतात. खोकें घट्ट झांकणाचें असावें. त्याची एक बाजू उबदार व दुसरी थंड असावी. कारण साप आपल्या देहाची ऊब स्वतः उत्पन्न करीत नाहीं, ती त्याला जागा बदलून मिळवावी लागते. दोन्हीं बाजूंस अंग चोरून बसण्यापुरती एकेक ढोली असावी, व पिण्यास स्वच्छ पाणी असावें. दूध हें सापाचें अन्न नव्हे. नवा साप ढोलींतून बाहेर येत नाहीं म्हणून त्याला ओढून काढणें हा पहिला अपराध होय. ज्याला लपावयास जागा आहे तोच प्राणी पुढें निर्भयपणें बाहेर येतो.

त्यानें दोन तीन वेळां बिनतक्रार भक्ष्य घेतलें म्हणजे मग हात लावण्याचा विचार करावा. त्यापूर्वीं हात धुवावे, कारण हातास उंदराचा वास असल्यास साप बोटालाच भक्ष्य समजतो. आणि नंतरही धुवावे, कारण सापाच्या अंगावरून पोटाच्या विकाराचे जंतू माणसास लागूं शकतात. हात वरून झडप घातल्यासारखा आणूं नये, कारण वरून येतो तो शत्रू, हें रानांतल्या प्रत्येक सापास ठाऊक असतें. तो बाजूनें, सावकाश आणावा. डोकें धरूं नये. दोन्हीं हातांनीं सर्व देहास आधार द्यावा. आणि पहिल्या दिवशीं पांच मिनिटांत खेळ आटोपावा. जेवणानंतर दोन दिवस त्यास हालवूं नये, नाहींतर तो खाल्लेलें ओकून टाकतो. कात टाकण्याच्या सुमारास त्याचे डोळे दुधासारखे पांढुरके होतात व त्याला नीट दिसत नाहीं. तेव्हां तर त्याच्या वाटेसही जाऊं नये. मान वांकडी करून तो मागें सरला, फुत्कारला, किंवा डोकें आंत घेऊन चेंडूसारखा गोळा झाला, तर तो "आज नको" असें म्हणत आहे असें समजावें.

इतकें सर्व महिनोन्महिने केल्यावर काय मिळतें? साप हातांत शांत राहतो. विद्यार्थिमित्रहो, येथें नीट लक्ष द्या. ही शांतता म्हणजे प्रेम नव्हे. कुत्रा धन्याला ओळखून शेंपूट हालवितो. साप तसें कांहीं करीत नाहीं. हा हात मला खाणार नाहीं, एवढेंच तो शिकतो. म्हणजे माणूस महिनाभर आपला उतावीळपणा आवरतो, आणि त्याच्या बदल्यांत साप आपली भीति थोडी सोडतो. या व्यवहारांत खरी सवय कोणास लागली, याचा विचार करा. संवय सापाला लागली म्हणण्यापेक्षां धीराची सवय माणसाला लागली, असें म्हणणेंच अधिक योग्य होईल.

पालकांनीं आणखी दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. बॉल पायथन बंदिवासांत वीस ते तीस वर्षें जगतो. आज आठवीत असलेल्या मुलाचा साप तो चाळिशीच्या घरांत येईपर्यंत पोसावा लागेल. आणि मुलगा शिक्षणास पुण्यामुंबईस गेला म्हणजे उंदीर कोणी आणावयाचे, हा प्रश्न मातोश्रींच्या पदरीं पडेल. दुसरें असें कीं, आमच्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळिशीवर चढतो. बंद खोलींत कांचेचें खोकें म्हणजे भट्टीच. आणि कोंडलेल्या सापाला पळून सांवलींत जातां येत नाहीं.

"मग परदेशी नको, आपलाच एखादा धरून आणूं" असें कोणी म्हणेल, तर तो मार्ग कायद्यानें बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें नाग, घोणस, अजगर, धामण, दिवड इत्यादि आपल्या सापांना संरक्षण दिलें असून, त्यांना परवान्यावांचून धरणें वा पाळणें हा गुन्हा आहे. २०२२ सालीं या कायद्यांत दुरुस्ती झाल्यापासून आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींतील परदेशी प्राणी बाळगणारासही नोंदणी बंधनकारक आहे, आणि सर्व जातींचे अजगर त्या यादींत येतात. कायदा बाजूस ठेवला तरी जिवाचें भय आहेच. निरुपद्रवी कवड्या व प्राणघातक मण्यार यांच्या अंगावरचे पट्टे पाहून भलेभले फसतात. आणि मण्याराचा दंश पुष्कळदां दुखतही नाहीं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठावन्न हजार, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दाखविलें आहे.

हा उपदेश आम्ही उंच आसनावरून करीत नाहीं. वीस वर्षांपूर्वीं, नवे शिक्षक असतांना, आमच्या हातून एक चूक घडली. एका मुलानें विहिरींतून दिवड जातीचा एक लहान साप आणिला. वस्तुपाठास उत्तम साधन मिळालें म्हणून आम्हांस आनंद झाला. प्रयोगशाळेंतील कांचेच्या बरणींत त्यास ठेवून वर फडकें बांधलें. कायद्याचा विचारही मनांत आला नाहीं. प्रत्येक वर्गानें येऊन बरणीवर टिचक्या माराव्या, धीट मुलांनीं त्यास हातांत घ्यावें, आणि आम्हीं कौतुकानें पाहावें, असें आठ दिवस चाललें. मासे दिले; त्यानें तोंड लावलें नाहीं. सातव्या दिवशीं तो हातांत अगदीं निमूट पडून राहिला, तेव्हां "आतां माणसाळला!" असें आम्हीं स्वतः मुलांस सांगितलें. नवव्या दिवशीं सकाळीं तो मेलेला आढळला. ज्यानें आणिला होता त्या मुलानें विचारलें, "सर, तो उपाशी मेला कीं भिऊन मेला?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. ज्याला आम्हीं माणसाळणें म्हटलें तें मरण होतें, हें मात्र त्या दिवशीं समजलें.

सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळें येथील नागपंचमी महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. तेथें पंचमीपूर्वीं रानांतून नाग धरून मडक्यांत ठेवीत, त्यांची पूजा व मिरवणूक करीत, आणि मग पुन्हां रानांत सोडीत. पुढें हा प्रश्न न्यायालयांत गेला, निर्बंध आले, व जिवंत नागांच्या जागीं प्रतिमांची पूजा होऊं लागली. २०२५ सालीं केंद्र सरकारनें लोकशिक्षणाच्या हेतूनें एकवीस नाग धरण्याची अटींसह परवानगी दिली, तेव्हां हा वाद पुन्हां जागा झाला. शिराळकरांविषयीं एक गोष्ट न्यायानें बोलली पाहिजे कीं, नाग हाताळण्याचें त्यांचें कसब पिढ्यांचें आहे. आणि नाग आपला कायमचा झाला, असें त्यांनींही कधीं मानलें नाहीं. तो सोडावयाचाच असे. तरी मडक्यांत दिवस काढलेला नाग लोकांच्या गर्दींत स्वस्थ दिसला म्हणजे तो प्रसन्न झाला, असें समजणें आमच्या मतें बरणींतल्या त्या सापाविषयीं आम्हीं केलेल्या समजुतीसारखेंच आहे.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. १९८० सालीं पुण्यांत श्री. नीलिमकुमार खैरे हे बहात्तर विषारी सापांसह बहात्तर तास एका कांचेच्या खोलींत राहिले. डिवचल्यावांचून साप चावत नाहीं, हें त्यांस लोकांना दाखवावयाचें होतें. त्यांनीं सापांना कांहीं शिकविलें नाहीं. स्वतः स्थिर राहिले. पुढें १९८६ सालीं कात्रज येथें सर्पोद्यान उभें राहिलें तें त्यांच्याच खटपटीनें. हें धाडस कोणीं अनुकरावें असें नाहीं. पण त्यांतील तत्त्व घेण्याजोगें आहे.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास आमचें सांगणें इतकेंच कीं, बाळ, साप आणूं नकोस. साप पाहावयास शीक. एक वही कर. आपल्या भागांत कोणते साप दिसतात, कोणत्या महिन्यांत, कोणत्या वेळीं, तें टिपून ठेव, मात्र दुरून. शेतकऱ्याच्या कोठारांतले उंदीर धामण कसे कमी करते तें आजोबांस विचार. घरांत साप शिरला तर काठी उचलूं नकोस व हातही घालूं नकोस. वडिलांकडून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकास दूरध्वनि करव. दंश झालाच तर मांत्रिकाकडे एक क्षणही न दवडतां, तो अवयव स्थिर ठेवून, रोग्यास घाटी रुग्णालयांत पोंचवावें; उतारा तेथें आहे.

आणि ज्या पालकांच्या घरीं परदेशी साप येऊन चुकला असेल, त्यांनीं त्याची रीतसर नोंद करावी, व वर सांगितलेला संयम मुलांकडून कसून पाळून घ्यावा. त्यास कंटाळून हर्सूल तलावाकांठीं सोडून देणें हें तर दुप्पट पाप होय. तें त्या सापावर व आपल्या रानावरही.

कोणी सापाला देव मानून दूध पाजतो, कोणी सैतान मानून ठेंचतो, आणि आतां कोणी खेळणें मानून गळ्यांत घालूं पाहतो. तिघांनींही त्याला साप म्हणून अद्यापि पाहिलेलें नाहीं. तें पाहणें आमच्या मुलांनीं शिकावें, एवढीच आमची इच्छा आहे.