पास्टन पत्रे : वारसा, दप्तर आणि खासगीपणाचा भ्रम

पंधराव्या शतकातील नॉर्फक परगण्याच्या पास्टन घराण्याची पत्रे समोर आली की भलेभले समीक्षक हळवे होतात. जॉन फेन यांनी १७८७ मध्ये या पत्रांचे पहिले दोन खंड प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्यांत घरगुती जिव्हाळा, निरागस आत्माविष्कार आणि मध्ययुगीन मनाचे अंतरंग शोधण्याची परंपरा चालत आली आहे. मार्जरी ब्रूजने फेब्रुवारी १४७७ मध्ये धाकट्या जॉन पास्टनला धाडलेले व्हॅलेंटाइन-पत्र तर या परंपरेचे दैवतच होय. ते तिच्या वडिलांच्या पदरी असलेल्या टॉमस केला या लेखनिकाच्या हातचे आहे आणि हुंड्याचा आकडा वाढत नसल्याची विवंचना त्याच्या केंद्राशी आहे, ही माहिती मात्र तळटीपेत जाऊन पडते. जिव्हाळा खोटा होता असे कोणी म्हणत नाही. परंतु तो कोणाच्या हातून आणि कोणत्या सौद्याच्या मध्यावर शब्दरूप झाला हे दृष्टीआड करून त्याला आत्म्याचा आवाज म्हणणे हा वाचनाचा आळस आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांच्यासारख्या जाणत्या लेखिकेलाही तो पूर्णपणे टाळता आलेला नाही. बापाचे थडगे दगडावाचून पडलेले असताना चॉसर वाचत बसणारा सर जॉन त्यांनी १९२५ मध्ये ज्या देखणेपणाने रंगवला, त्या देखणेपणात ते थडगे स्वभावाचे चिन्ह बनते. वारशाच्या हिशेबातील एक थकलेली रक्कम म्हणून ते उरत नाही.

मुळात हे हजाराहून अधिक कागद टिकलेच का? याचे उत्तर वाङ्मयाच्या इतिहासात नसून जमिनीच्या इतिहासात आहे. क्लेमेंट पास्टन (मृत्यू १४१९) हा साधा शेतकरी. त्याचा मुलगा विल्यम कायद्याच्या अभ्यासावर वर चढला, १४२९ मध्ये न्यायाधीश झाला आणि मॅनर विकत घेत गेला. मॅनर म्हणजे नुसता वाडा नव्हे. शेती, कुळे, कुळांची देणी आणि त्यांच्यावर चालणारे धन्याचे न्यायालय, अशी ती सगळी मिळून एक मिळकत असे. विकत घेतलेल्या मॅनरवर जुना दावेदार केव्हाही उभा ठाके. ग्रेशमचा मॅनर १४४८ मध्ये लॉर्ड मोलिन्सने बळकावला; मार्गारेट पास्टनने नवऱ्याकडून बदाम-साखरेबरोबर क्रॉसबो मागवल्या त्या याच वर्षी. अशा घराला दप्तर जपावेच लागते. वतनाच्या तंट्यांपायी महजर आणि करिने कसे जतन झाले हे ठाऊक असलेल्या मराठी अभ्यासकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. तरीही इंग्रजी संहिता हाती आली की हीच जाण का लोपते, हे कोडे आहे.

या दप्तराचा गाभा म्हणजे 'इच्छा' या संकल्पनेभोवतीचा झगडा. काही नगरांच्या रूढी सोडल्या तर इंग्रजी सामान्य कायद्यानुसार १५४० पूर्वी जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. ती ज्येष्ठ पुत्राकडे जाई. त्यावर तोड म्हणून मालक हयातीतच जमीन विश्वस्तांच्या नावे करी आणि आपल्या माघारी तिचे काय करावे ते त्यांना सांगून ठेवी. परिणामी मृताची इच्छा इतरांच्या स्मृतीवर, साक्षीवर आणि हितसंबंधांवर अवलंबून राही. न्यायाधीश विल्यम १४४४ मध्ये वारला. त्याने अंथरुणावरून धाकट्या मुलांना अधिक वाटा देण्याचे तोंडी सांगितले होते, असे त्याची विधवा अ‍ॅग्नेस पुढे १४६६ च्या आपल्या मृत्युपत्राच्या मसुद्यांत नोंदवते. ज्येष्ठ पुत्र जॉनने ते मानले नाही. हाच जॉन पंधरा वर्षांनी काय करतो? फ्रान्सच्या युद्धात नाव कमावलेला निपुत्रिक सर जॉन फास्टॉल्फ ५ नोव्हेंबर १४५९ रोजी केस्टर येथे मरण पावला. मृत्यूच्या दोन दिवस आधी त्याने तोंडी इच्छा सांगून नॉर्फक आणि सफक येथील आपल्या जमिनी जॉनला दिल्या, बदल्यात जॉनने केस्टरला धर्मपीठ स्थापावे आणि ४,००० मार्क भरावेत, असा दावा जॉननेच मांडला! बापाचा शेवटचा शब्द अमान्य करणाऱ्याने परक्याच्या शेवटच्या शब्दावर साऱ्या घराचे भवितव्य लावले. यात दांभिकता पाहायची तर खुशाल पाहावी. पण उद्दिष्टार्थाचा प्रश्न सत्तेपासून अलग करता येत नाही, हे येथे जितके उघडे पडते तितके कोणत्याही सिद्धान्तग्रंथात पडत नाही. बार्त यांनी लेखकाचा मृत्यू १९६७ मध्ये घोषित केला. केस्टरच्या कर्त्याचा मृत्यू शब्दशः झाला आणि त्यानंतरच त्याच्या उद्देशावरची लढाई पेटली. येल्व्हर्टनसारखे सहव्यवस्थापक आणि फास्टॉल्फचा चिटणीस विल्यम वुस्टर विरोधात गेले. जॉनला तीनदा फ्लीटच्या तुरुंगात जावे लागले आणि १४६६ मध्ये तो वारला तेव्हाही निकाल लागलेला नव्हता. अखेर १४७० मध्ये बिशप वेनफ्लीटशी तडजोड होऊन धर्मपीठाचा निधी ऑक्सफर्डच्या मॉडलेन कॉलेजकडे वळला. केस्टरला धर्मपीठ झालेच नाही. फास्टॉल्फचे पुष्कळसे कागद आज त्या कॉलेजात आहेत, कारण कागद जमिनीमागून गेले.

यावरून 'सारे काही संहिताच' असा जयघोष करणाऱ्या नवइतिहासवाद्यांनीही फार हुरळून जाऊ नये. पास्टन हे अनादि काळापासूनचे कुलीन आहेत, हे रचलेल्या वंशावळीच्या आधारे १४६६ मध्ये चौथ्या एडवर्डने मान्य केले; तेथे संहितेने रक्त घडवले हे खरे. पण १४६९ मध्ये नॉर्फकच्या ड्यूकने केस्टरला वेढा घातला तेव्हा ती वंशावळ कामी आली नाही. जॉन डॉबने हा तिथला विश्वासू माणूस मारला गेला आणि किल्ला द्यावा लागला. तो १४७६ मध्ये परत मिळाला, तोही ड्यूक मेल्यावर.

त्याच १४६९ मध्ये घरातली मार्जरी पास्टन कारभारी रिचर्ड कॉलशी गुप्तपणे विवाहबद्ध झाल्याचे उघड झाले. बिशपने तिला बोलावून नेमके कोणते शब्द उच्चारले ते विचारले. ते शब्द पुरेसे नसतील तर आपण ते आणखी पक्के करू, असे ती म्हणाली. हे आपल्याला कळते ते तिच्या आईच्या पत्रातून, आणि आई हे लिहविते ते तिला घराची दारे बंद केल्याचे कळवताना. कॉलने तिला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. वाचताच जाळून टाक, अशी त्यात विनवणी आहे. ते पास्टनांच्या दप्तरात सापडावे ही बाब पुरेशी बोलकी आहे. ज्या पत्राला खरोखर खासगी म्हणता येईल तेच विनवणीविरुद्ध टिकले, आणि त्यालाच आता प्रेमपत्रांच्या संकलनांत मानाचे पान मिळते. कॉल पुढेही पास्टनांची चाकरी करीत राहिला. हिशेब जाणणारा माणूस घराला हवाच होता. मार्गारेटने १४८२ च्या मृत्युपत्रात मार्जरीच्या थोरल्या मुलाला, जॉन कॉलला, २० पौंड ठेवले. त्या मुलाच्या आईचे एकही पत्र दप्तरात नाही.