रॅकेट माळ्यावर टाकण्याआधी

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एकजण उशिरा आली. म्हणाली, "आजपासून मुलीचं टेनिस बंद. नववी झाली, आता क्लास लावला." सगळ्यांनी माना डोलावल्या, "बरोबरच आहे गं, दहावीचं वर्ष!" मीही काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र श्रीरामपूरची ऋतुजा भोसले आठवली आणि आपण गप्प बसलो याचं वाईट वाटलं.

श्रीरामपूर आपल्या नाशिकला काही परकं नाही, शेजारच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातलं. तिथे 1996 मध्ये जन्मलेली ऋतुजा. वडील पोलीस खात्यात. 30 सप्टेंबर 2023 ला चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. तैवानच्या जोडीविरुद्ध पहिला सेट 2-6 असा गेला होता. दुसरा 6-3 ने घेतला आणि शेवटचा टायब्रेक 10-4 असा खिशात घातला. तेव्हा ऋतुजा 27 वर्षांची आणि लग्न झालेली होती. पती स्वप्नील गुगळे महाराष्ट्राकडून क्रिकेट खेळलेला. आपल्याकडे त्या वयात मुलीला "अजून खेळतेसच का?" असं विचारतात!

पण मला सांगायचंय ते पदकाच्या आधीचं. बारावीनंतरच्या वयात ऋतुजा अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली आणि तिथल्या संघाकडून खेळली. तिकडे चांगल्या खेळाडूला विद्यापीठ शिष्यवृत्ती देतं. त्यात फी, राहणं, जेवण, प्रशिक्षक असं बरंच काही भागतं. त्या बदल्यात विद्यापीठासाठी खेळायचं आणि अभ्यासात ठरलेले गुणही राखायचे. गुण घसरले तर संघातून बाहेर. म्हणजे खेळ की शिक्षण, हा प्रश्नच तिथे विचारत नाहीत. दोन्ही हवं.

हे काही त्यांच्या चांगुलपणाने झालेलं नाही. 1972 मध्ये तिकडे कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलामुलींत भेद करता येणार नाही. त्यामुळे मुलींचे संघ उभे करावे लागले, त्यांना शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. आज जगभरातल्या मुली त्या वाटेने जातात.

टेनिसला ही वाट का लागते, तेही बघा. रॅकेट, गटिंग, बूट, प्रशिक्षक, गावोगावच्या स्पर्धांचा प्रवास आणि सोबत कुणीतरी मोठं माणूस. व्यावसायिक झाल्यावर खालच्या पायरीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सगळ्या खेळाडूंना मिळून बक्षीस असतं 15 हजार डॉलर. पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलीच्या वाट्याला त्यातून हॉटेलचं भाडंही धड सुटत नाही. अशा खेळात हातात शिक्षण असणं म्हणजे मोठाच आधार.

आता तुम्ही म्हणाल, प्रत्येकीला अमेरिकेला कोण पाठवणार? खरंय. तिथवर पोचायलाही आधी ज्युनिअर गटात नाव कमवावं लागतं, त्यालाही पैसा लागतो. पण छोट्या गावातून काही होत नाही, असंही नाही. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने 2014 च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं. आणि आपली कविता राऊत, सावरपाडा एक्सप्रेस! टेनिसचं कोर्टही न लागता ती 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये कांस्यपदकापर्यंत धावली.

आपल्या सरकारनेही काही केलं नाही असं नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. पण माझं निरीक्षण असं, की हे सगळं मिळतं ते पुढे गेलेल्या मुलीला. आपली पोरगी तर नववीतच मैदानावरून उचलली जाते. मुलग्याचा खेळ दहावीत "थोडा कमी" होतो, मुलीचा "बंद" होतो. आणि एकदा बंद झाला की दहावीनंतर बारावी, बारावीनंतर "आता उन्हातान्हात कशाला, रंग जाईल" आणि मग स्थळं!

तेव्हा शाळेच्या पालकसभेत गुणांबरोबर हेही विचारूया. स्पर्धेच्या दिवशी हजेरी मिळेल का? बुडालेली चाचणी नंतर घेता येईल का? मुलींचा सराव अंधार पडण्याआधी उरकेल का? यातल्या एकाही गोष्टीला अमेरिका लागत नाही.

पुढच्या बैठकीत त्या मैत्रिणीला एवढंच सांगणार आहे, क्लास लाव, जरूर लाव. पण पोरीची रॅकेट माळ्यावर टाकू नकोस. आठवड्यातले तीन दिवस तरी तिचे राहू देत. पदक येईल न येईल. पण खेळ सोडायचा की नाही, हे तिला ठरवू दे.