दुधाचे चीज

आपल्या घरी दूध नासले की गृहिणी हळहळते. उत्तर इटलीतील पार्मा, रेज्यो एमिल्या व मोदेना या भागांत मात्र मुद्दाम फाडलेले दूध पेढीत तारण म्हणून चालते, हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

तेथील पार्मेझान चीज फार जुने आहे. मध्ययुगात बेनेडिक्टाइन व सिस्टर्शियन मठवासीयांनी ते प्रथम केले असे मानितात. त्याची कीर्ती दूरवर होती. १६६६ साली लंडन शहरास मोठी आग लागली, तेव्हा सॅम्युअल पीप्स नामक सरकारी अधिकाऱ्याने बागेत खड्डा खणून त्यात आपले मद्य आणि पार्मेझान चीज पुरून ठेविले. हे त्याने स्वतःच आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे. आग दाराशी आली असता मनुष्य काय वाचवितो, यावरून त्या वस्तूचे मोल कळते!

हे मोल सहजासहजी येत नाही. रात्रभर ठेवून साय काढलेले दूध व सकाळचे ताजे दूध तांब्याच्या मोठ्या कढईत एकत्र करून, वासराच्या जठरातील द्रव्याने ते विरजतात. गाडीच्या चाकासारखा गोल असा चीजचा एक गोळा सुमारे ४० किलो वजनाचा असतो, आणि त्यासाठी सुमारे ५५० लिटर दूध लागते. पुढे तो काही दिवस मिठाच्या पाण्यात ठेवून नंतर फळीवर चढवितात. तेथे तो निदान १२ महिने, बहुधा २४ महिने मुरतो. वर्ष भरले की परीक्षक लहानशा हातोडीने त्यावर टकटक करून आवाज ऐकतो. आत पोकळी वा चीर असेल, तर ती त्यास आवाजावरूनच कळते.

खरी अडचण येथेच आहे. माल दोन वर्षे फळीवर पडून राहणार, परंतु गाईस चारा रोज हवा, आणि दूधवाल्याचे पैसेही वेळेवर चुकते करावयास हवेत. आपल्याकडे अशा वेळी घरातील सोने गहाण पडते. रेज्यो एमिल्या येथील एक पेढी, जी आज क्रेदितो एमिलियानो या नावाने ओळखली जाते, १९५३ सालापासून चीजच तारण ठेवून कर्ज देऊ लागली. पेढीच्या वखारींत लाखो चाके ओळीने रचलेली असतात. तेथे ती वेळोवेळी पुसली व उलटविली जातात. कर्ज फिटले नाही, तर पेढी तो माल विकते. आणि गंमत अशी की तारण जितके जुने, तितका त्याचा भाव अधिक!

मात्र धोकाही तितकाच. मे २०१२ मध्ये त्या प्रांतात भूकंप झाला आणि वखारींतील उंच मांडण्या कोसळून लाखो चाके खाली आली. कित्येक फुटली. फुटलेले चीज मुरत ठेवता येत नाही; ते लवकर खपले पाहिजे. तेव्हा मोदेना शहरातील प्रसिद्ध आचारी मास्सिमो बोत्तुरा यांनी भात, मिरी व हेच चीज यांचा एक साधा पदार्थ योजिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात देशोदेशींच्या असंख्य लोकांनी एकाच रात्री तो आपापल्या घरी रांधिला. त्या पडलेल्या चाकांना गिऱ्हाईक मिळाले.